तुमचा नंबर किती होता? व्हिएतनाम काळातल्या लष्करभरतीच्या सोडतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला कधी ना कधी सत्तरी ओलांडलेला एखादा शेजारी भेटतो आणि बोलता बोलता सांगून जातो, "माझा नंबर अडुसष्ट होता." कसला नंबर, हे त्याच्या वयाच्या अमेरिकन पुरुषाला विचारावं लागत नाही. आपल्याला लागतं. मी न्यू जर्सीत राहतो. कामावरच्या, शेजारच्या आणि लायब्ररीत भेटणाऱ्या अशा गृहस्थांकडून बरंच ऐकलंय आणि त्याला जोडून वाचलंयही. मित्रमंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ही सोडत नेमकी कशाची होती?

सक्तीच्या लष्करभरतीत कोणाला आधी बोलवायचं, त्याचा क्रम ठरवण्याची. त्या काळी अमेरिकेत मुलाला अठरा वर्षं पूर्ण झाली की सिलेक्टिव्ह सर्व्हिस नावाच्या सरकारी खात्यात नाव नोंदवावंच लागे. १ डिसेंबर १९६९ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये या खात्याच्या मुख्यालयात वर्षाच्या ३६६ तारखा एकेक करून काढल्या गेल्या. १ जानेवारी १९४४ ते ३१ डिसेंबर १९५० या काळात जन्मलेले सगळे तरुण या एकाच सोडतीत होते. तुमची जन्मतारीख जितकी आधी निघाली तितका नंबर लहान, आणि नंबर जितका लहान तितकं बोलावणं लवकर.

दुसऱ्या महायुद्धातल्या १९४२ च्या सोडतीनंतरची ही पहिलीच.

त्या रात्री काय झालं?

निळ्या रंगाच्या प्लॅस्टिकच्या ३६६ कॅप्सूल. प्रत्येकीत एका तारखेची चिठ्ठी. काचेच्या मोठ्या बरणीत त्या ओतल्या होत्या. पहिली कॅप्सूल न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य अलेक्झांडर पर्नी यांनी काढली. ती उघडून चिठ्ठी वाचली : १४ सप्टेंबर. फळ्यावर ००१ च्या शेजारी ती चिकटवली. पुढच्या चिठ्ठ्या देशभरातून बोलावलेल्या तरुण प्रतिनिधींनी काढल्या. आपल्याच वयाच्या मुलांचं भवितव्य आपल्याच हातून काढून घेण्याची ही युक्ती सगळ्यांना रुचली नाही, काहींनी तिथेच निषेध नोंदवला.

सीबीएसने नेहमीची मालिका थांबवून हे थेट दाखवलं. दिसायला हा कार्यक्रम एखाद्या सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेइतका रटाळ होता. टेबल, फळा, कोट घातलेली माणसं, एकसुरी आवाजात वाचलेल्या तारखा. आठवणी सांगणारे याच रटाळपणावर अडतात. वीस वर्षांचा मुलगा टीव्हीसमोर बसलाय, आणि कोणीतरी बाजाराची यादी वाचावी तशा स्वरात त्याचा वाढदिवस वाचला जातो.

पहिला आणि शेवटचा नंबर कोणत्या तारखेला?

१४ सप्टेंबर पहिला. मग २४ एप्रिल, ३० डिसेंबर, १४ फेब्रुवारी, १८ ऑक्टोबर. शेवटचा, ३६६ वा, ८ जून.

७ जूनचा नंबर होता ८५. म्हणजे १९४४ ते १९५० मधल्या कुठल्याही ७ जूनला रात्री पावणेबाराला जन्मलेल्या मुलाला बोलावणं येणार हे जवळजवळ नक्की, आणि त्याच वॉर्डात अर्ध्या तासाने जन्मलेला मुलगा यादीत सगळ्यांच्या मागे. ८ जुलैचा नंबर १३, ९ जुलैचा २७७. प्रसूती किती वाजता झाली, कळा किती तास चालल्या, या घरात कधीतरी हसत सांगितलेल्या गोष्टींना त्या रात्री अचानक वजन आलं.

एकाच तारखेला हजारो मुलं जन्मलेली असतील. त्यांच्यात क्रम कसा लावला?

त्यासाठी इंग्रजी वर्णमालेतल्या २६ अक्षरांची वेगळी सोडत काढली. पहिलं अक्षर 'जे' निघालं, शेवटचं 'व्ही'. आडनाव आणि नावाच्या आद्याक्षरांवरून पुढचा क्रम. हा भाग आज फारसा कोणाला आठवत नाही.

सोडतीच्या आधी भरती कशी व्हायची?

गावोगावच्या ड्राफ्ट बोर्डांकडून (ड्राफ्ट म्हणजे सक्तीची भरती). बोर्डावर गावातलीच चार प्रतिष्ठित मंडळी असत. कोण भरतीला योग्य, कोणाला सवलत, हे तीच ठरवत. 'वन-ए' म्हणजे तयार, कधीही बोलवा. 'टू-एस' म्हणजे कॉलेजात शिकतोय, सध्या सोडा. 'फोर-एफ' म्हणजे तब्येतीमुळे अपात्र. बायको-मुलं, घरची अडचण, धर्मोपदेशकाचं शिक्षण, प्रत्येकाला वेगळा शिक्का. शिवाय वयाने मोठ्या मुलांना आधी उचलत, त्यामुळे विसाव्या वर्षी सुटलेला मुलगा सव्वीस पूर्ण होईपर्यंत टांगणीलाच. नोकरी देणाऱ्यालाही प्रश्न पडे, याला घेऊ तर खरं, पण उद्या हा जाणार का?

एका बोर्डाचा न्याय दुसऱ्या बोर्डाला लागू नव्हता. ओळखीपाळखी चालत. १९६६ या एका वर्षात ३,८२,०१० तरुण उचलले गेले, आणि त्यांत कॉलेजात न गेलेल्या गरीब घरांतली मुलं डोळ्यांत भरण्याइतकी जास्त होती. ओरड वाढली तेव्हा निक्सन सरकारने सोडत आणली. आता सगळ्यांना सारखी संधी, आणि धोका एकाच वर्षापुरता. ते वर्ष बोलावण्याशिवाय गेलं की तुम्ही जवळपास मोकळे.

मग सोडतीने अन्याय संपला का?

नाही. सोडत फक्त 'वन-ए' असलेल्यांचा क्रम लावत होती. तुम्ही 'वन-ए' आहात की नाही, हे आधीच्याच वाटांनी ठरत राहिलं. कॉलेजची सवलत १९७१ पर्यंत चालू होती. घरच्या डॉक्टरचं पत्र, नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलातली जागा, वकिलाचा सल्ला, हे ज्याच्या खिशाला परवडे त्याला ८५ नंबर आला तरी उपाय होता. ज्याच्या घरी डॉक्टरची पायरीही कधी चढली नव्हती त्याला तो नव्हता.

पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या तिघांचंच बघा. तिघेही १९४६ चे, म्हणजे तिघेही याच सोडतीत. जॉर्ज बुश (धाकटे) यांचा ६ जुलै, नंबर ३२७. पण ते दीड वर्ष आधीच टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये दाखल झाले होते. डोनाल्ड ट्रम्प यांचा १४ जून, नंबर ३५६. पण शिक्षणाच्या चार सवलती घेऊन झाल्यावर १९६८ मध्ये टाचेच्या हाडाच्या तक्रारीवरून त्यांना वैद्यकीय सूट मिळालेली होती. बिल क्लिंटन यांचा १९ ऑगस्ट, नंबर ३११. सोडतीनंतर दोनच दिवसांनी त्यांनी आर्कान्सामधल्या लष्करी प्रशिक्षण विभागाच्या कर्नलना पत्र लिहून, आपल्याला ड्राफ्टपासून वाचवल्याबद्दल आभार मानले. ते पत्र १९९२ च्या निवडणुकीत बाहेर आलं आणि बरंच गाजलं. कोणत्या पक्षाचा कोण, हा इथे मुद्दाच नाही. तिघांनाही मोठा नंबर लागला, आणि लागला नसता तरी पहिल्या दोघांची सोय आधीच झालेली होती.

किती नंबरपर्यंत बोलावणं आलं?

पहिल्या सोडतीत १९५ पर्यंत. पुढची सोडत १ जुलै १९७० ला, १९५१ मध्ये जन्मलेल्यांसाठी. तिच्यात १२५ पर्यंत. तिसरी ५ ऑगस्ट १९७१ ला, १९५२ च्या मुलांसाठी, ९५ पर्यंत. चौथी फेब्रुवारी १९७२ मध्ये १९५३ च्या मुलांसाठी झाली, पण तिच्यातून कोणालाच बोलावलं नाही. युद्धातून सैन्य परत येत होतं आणि १९७३ च्या मध्यावर सक्तीच्या भरतीचा अधिकारच संपला. तरी चिठ्ठ्या काढणं १९७५ पर्यंत सुरू होतं. सरकारी खातं एकदा सुरू झालं की लवकर थांबत नाही.

गंमत अशी की १९५ हा आकडा आज आपल्याला माहीत आहे. डिसेंबर १९६९ मध्ये तो कोणालाच माहीत नव्हता. अधिकारी सांगत : पहिल्या तिसऱ्या हिश्श्याने तयारीत राहावं, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्याने निश्चिंत व्हावं, मधल्यांचं सांगता येत नाही.

मधल्या नंबरवाल्यांनी काय केलं?

वाट पाहिली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातल्या सर्वांत ऐकण्यासारख्या आठवणी यांच्याच आहेत. ज्याला ३ नंबर आला त्याने दुसऱ्या दिवशी काहीतरी ठरवलं : नौदलात नाव घालूया, कॅनडा बघूया, नाहीतर येईल त्याला सामोरं जाऊया. ज्याला ३४० आला तो झोपला. मधल्यांना १९७० चं वर्ष दर महिन्याच्या आकड्यांवर काढावं लागलं. जानेवारीत ३० पर्यंत, फेब्रुवारीत ६०, मार्चमध्ये ९०. आकडा चढत्या पाण्यासारखा वर येताना बघायचा आणि आपला उंबरठा मोजायचा.

कामावरच्या एका निवृत्त सहकाऱ्याचा वाढदिवस २६ डिसेंबर, नंबर १७३. त्याचं पदवीचं शेवटचं वर्ष होतं. मे महिन्यात पदवी मिळाली, शिक्षणाची सवलत संपली, आणि उन्हाळ्यात आकडा १९० वर पोचला. "मला पदवीदान समारंभातलं काही आठवत नाही," तो सांगत होता, "पण घरच्या टपालपेटीचं झाकण आठवतं. ते नीट बंद व्हायचं नाही. लांबूनच दिसायचं आत काही आहे की नाही ते." पत्र शरद ऋतूत आलं. त्याला जर्मनीत पाठवलं, दोन वर्षं कारकुनी केली. तो स्वतःला नशीबवान म्हणतो आणि लगेच विषय बदलतो.

आकडा १९५ वर थांबतोय असं दिसल्यावर काहींनी हुशारीही केली. नंबर समजा २१०, शिक्षणाची सवलत अजून शिल्लक. मग वर्ष संपायच्या आत सवलत स्वतःहून सोडायची, ३१ डिसेंबरला 'वन-ए' व्हायचं, आणि धोक्याचं एक वर्ष त्या थोड्या दिवसांत उरकून टाकायचं. कायद्यात बसत होतं. ज्याला कोणी हे समजावून सांगितलं त्याने केलं.

हॉस्टेलमधली ती रात्र कशी असायची? ऐकलेले किस्से खरे आहेत का?

बहुतेक खरे. टीव्हीच्या खोलीत साठ-सत्तर मुलं, बिअर, आधी आरडाओरडा. बऱ्याच ठिकाणी प्रत्येकी एक डॉलर गोळा करत. सर्वांत लहान नंबर येईल त्याला सगळी रक्कम. ते पैसे हातात घेऊन दारात उभा राहिलेला मुलगा अनेकांच्या आठवणीत आहे, नाव मात्र आठवत नाही. एखाद्याची तारीख वाचली गेली की क्षणभर सगळे गप्प, मग कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारायचं, आणि थाप मारणारा मनातल्या मनात म्हणायचा, एक जागा भरली. ही शेवटची गोष्ट बरेच जण सांगतात, पण पहिल्या भेटीत नाही.

काही जण पाहायलाच गेले नाहीत. लायब्ररीत बसून राहिले, सकाळी पेपरातल्या तक्त्यात तारीख शोधली. काही तेव्हा कारखान्यात रात्रपाळीला होते, आईने फोनवर सांगितलं. हॉस्टेलच्या आठवणी जास्त ऐकू येतात, कारण कॉलेजात गेलेले लोक पुढे लिहिते-बोलते झाले. रात्रपाळीवाल्यांचं फार कमी कोणी विचारलं.

आणि एक सूचना. १९५१ मध्ये जन्मलेला माणूस डिसेंबर १९६९ ची रात्र रंगवून सांगू लागला, तर तो थापा मारतोय असं लगेच समजू नका. त्याची स्वतःची सोडत पुढच्या जुलैत होती, पण वरच्या वर्गातल्या मुलांची रात्र त्याने त्याच खोलीत बसून पाहिलेली असते. पन्नास वर्षांत दोन्ही रात्री एकमेकींत मिसळतात.

डिसेंबरच्या मुलांवर अन्याय झाला, असं म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि हा केवळ रडगाण्याचा भाग नाही, आकडेवारी आहे.

३६६ नंबरांची सरासरी १८३.५. चिठ्ठ्या नीट मिसळल्या असत्या तर प्रत्येक महिन्याची सरासरी त्याच्या आसपास यायला हवी होती. मार्चची आली सुमारे २२६. नोव्हेंबरची १४९. डिसेंबरची तर १२१.५. डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी फक्त पाच, म्हणजे २, १२, १५, १७ आणि १९, या १९५ च्या वर राहिल्या. बाकीच्या सव्वीस तारखांना बोलावणं. नाताळच्या दिवशी जन्मलेल्यांचा नंबर ८४.

कारण अगदी साधं होतं. कॅप्सूल महिन्यामहिन्याने पेटीत टाकल्या. आधी जानेवारी, मग फेब्रुवारी टाकून दोन्ही मिसळल्या, मग मार्च टाकून पुन्हा मिसळल्या. असं करता करता जानेवारीच्या कॅप्सूल अनेक वेळा ढवळल्या गेल्या आणि डिसेंबरच्या जेमतेम एकदा. पेटीतून बरणीत ओतल्यावरही वर्षाच्या शेवटच्या महिन्यांच्या कॅप्सूल हाताशी येतील अशाच राहिल्या. पत्ते पिसायची सवय असलेल्या कोणालाही हे आधी सुचायला हवं होतं.

महिन्याभरात संख्याशास्त्रज्ञांनी बोट ठेवलं, काही तरुण कोर्टातही गेले. सोडत रद्द झाली नाही. पण पुढच्या वर्षी पद्धत बदलली : एका पिंपात तारखा, दुसऱ्यात नंबर, दोन्हींतून एकेक काढून जोडी लावायची, आणि आत भरण्याचा क्रमसुद्धा नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या यादृच्छिक तक्त्यांवरून. आज अमेरिकेत संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे उदाहरण हमखास शिकवतात. पोरं आलेख काढतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात.

नंबर लागला म्हणजे व्हिएतनामला जाणं आलंच का?

नाही. आधी वैद्यकीय तपासणी. पहाटे बस भरून मुलं तपासणी केंद्रावर न्यायची, अंगावर फक्त चड्डी, हातात कागद, आणि जमिनीवर रंगवलेल्या रेघेमागून एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे. आठवणींमधला हा सर्वांत विनोदी भाग असतो. कोणी उपाशी राहून वजन उतरवलेलं, कोणी जुने एक्स-रे छातीशी धरलेले. पास झालात तर राष्ट्राध्यक्षांच्या नावाने पत्र यायचं, 'अभिवादन' या शब्दाने सुरू होणारं. मग एका खोलीत रांगेत उभं करून सांगत : एक पाऊल पुढे या. ते पाऊल टाकलं की तुम्ही लष्कराचे.

त्यानंतर दोन वर्षं. पण एप्रिल १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये सुमारे ५,४३,००० अमेरिकन सैनिक होते, आणि १९७१ संपेपर्यंत दीड लाखाच्या घरात उरले. त्यामुळे सोडतीतून गेलेल्या बऱ्याच जणांची दोन वर्षं जर्मनीत, कोरियात किंवा अमेरिकेतल्याच छावणीत गेली. एकूण युद्धात सुमारे ५८,००० अमेरिकन मेले. व्हिएतनामी माणसं किती मेली हे लाखांत मोजावं लागतं, आणि ते या सोडतीच्या गप्पांत फार क्वचित येतं.

मग "मी स्वेच्छेने गेलो" असं म्हणणारे इतके का?

कारण लहान नंबर बघून अनेकांनी बोलावण्याआधीच नौदल किंवा हवाई दल गाठलं. वर्षं जास्त द्यावी लागत, पण भाताच्या खाचरांतून बंदूक घेऊन फिरण्यापेक्षा जहाज बरं. सरकारी कागदावर ते स्वयंसेवक. त्यांना विचारा, ते हसतात.

ज्यांनी नकार दिला त्यांचं काय झालं?

वाटा अनेक होत्या. युद्धाला नैतिक विरोध असल्याचं बोर्डाला पटवून दिलं, तर दोन वर्षं इस्पितळात वगैरे नागरी सेवा. आधी त्यासाठी धर्माचा आधार लागे. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेल्श खटल्यात ठरवलं की मनापासूनची नैतिक श्रद्धाही पुरेशी आहे. मुलाखतीत बोर्डाचा ठरलेला प्रश्न असे : तुझ्या बहिणीवर कोणी हल्ला केला तर काय करशील? याचं उत्तर रात्र रात्र घोकलेले लोक आज आजोबा आहेत.

हजारो जण कॅनडात गेले आणि त्यांतले बरेच तिथलेच झाले. काही तुरुंगात गेले. ड्राफ्ट कार्ड जाळणं १९६५ पासून गुन्हा होता, तरी ती जाळली गेली. मुहम्मद अली सोडतीच्या आधीचे. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनमध्ये त्यांचं नाव पुकारलं आणि त्यांनी ते एक पाऊल पुढे टाकलं नाही. पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली, जगज्जेतेपद गेलं, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. जिमी कार्टर यांनी सत्तेवर येताच, २१ जानेवारी १९७७ ला, ड्राफ्ट चुकवणाऱ्यांना सरसकट माफी दिली. लष्करात जाऊन पळून आलेल्यांना त्या माफीत धरलं नव्हतं.

या मुलांना मतदानाचा तरी हक्क होता का?

पहिल्या सोडतीच्या वेळी बहुतेक राज्यांत मतदानाचं वय २१ होतं. म्हणजे १९ वर्षांच्या मुलाला लढायला पाठवणाऱ्यांना तो मत देऊ किंवा नाकारू शकत नव्हता. १ जुलै १९७१ ला सव्विसावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन वय १८ झालं.

ज्यांचा नंबर मोठा आला त्यांना अपराधी का वाटतं? त्यांनी तर काही केलं नव्हतं.

हा प्रश्न मलाही पडला होता, तो लायब्ररीत भेटणाऱ्या एका गृहस्थांनी सोडवला. त्यांचा वाढदिवस २ डिसेंबर, नंबर ३२८. ते म्हणाले, सोडतीआधी बोर्ड माणसं निवडायचं, तेव्हा रागवायला बोर्ड होतं. सोडतीनंतर कोणावर रागवायचं? महिन्याला अमुक इतकी मुलं लागणार, हा आकडा वरून ठरलेलाच असे. मी नाही म्हणजे दुसरा कोणीतरी. त्यांच्या शाळेतला, बेसबॉलच्या संघातला एक मुलगा गेला आणि परत आला नाही. त्याचा नंबर किती होता हे ते आजही सांगतात. स्वतःचा विचारावा लागतो.

अशा वेळी "तुमचा त्यात काय दोष" असं म्हणून त्यांची समजूत घालायला जाऊ नये. ते त्यांनी स्वतःला हजारदा सांगून झालेलं असतं.

या नंबरांचा पुढच्या आयुष्यावर काही परिणाम झाला का? कोणी अभ्यास केलाय?

बराच. कोणाला नंबर लागला हे त्याच्या शिक्षणावर, स्वभावावर किंवा बापाच्या पगारावर अवलंबून नव्हतं, म्हणून अभ्यासकांना ही सोडत म्हणजे आयता प्रयोग मिळाला. अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९० मध्ये दाखवलं की लष्करात गेलेले गोरे पुरुष १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, न गेलेल्यांपेक्षा साधारण १५ टक्के कमी कमवत होते. कमवायला शिकायची वर्षं लष्करात गेली, त्याची ती किंमत. अशा नैसर्गिक प्रयोगांतून कार्यकारण शोधण्याच्या पद्धतीबद्दल अँग्रिस्ट यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

एरिकसन आणि स्टोकर या राज्यशास्त्रज्ञांनी राजकीय मतांवरचा परिणाम तपासला. लहान नंबर आलेले तरुण, प्रत्यक्ष गेले असोत वा नसोत, युद्धाच्या जास्त विरोधात गेले, आणि तो कल अनेक वर्षं टिकला. म्हणजे नुसती भीतीसुद्धा पुरली.

तेव्हा अमेरिकेत असलेल्या भारतीयांना हे लागू होतं का?

विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना नाही. पण ग्रीन कार्ड मिळालेल्या, वयात बसणाऱ्या पुरुषांना होतं. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आपले डॉक्टर आणि इंजिनिअर कायमच्या वास्तव्याच्या परवान्यावर येऊ लागले, ते नेमके याच काळात. आपण परदेशी आहोत म्हणून सूट मागण्याची सोय काही परिस्थितींत होती, पण ती घेतली की अमेरिकन नागरिकत्वाचं दार कायमचं बंद. त्या पिढीतले काका-मामा अजून आपल्यात आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांना डॉलरचा तेव्हाचा भाव विचारून झाला की हेही विचारा.

भारतात अशी सक्ती कधी होती का?

स्वतंत्र भारतात सक्तीची लष्करभरती कधीच झाली नाही. जवळ जाणारी एकच गोष्ट : १९६२ च्या चीन युद्धानंतर कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली, ती १९६८ पर्यंत. पुण्या-मुंबईत त्या काळी शिकलेली मंडळी पहाटेची परेड, पॉलिश न केलेल्या बुटांची शिक्षा आणि परेडनंतरचा नाश्ता आठवतात. त्याची आणि सोडतीची तुलना होऊ शकत नाही. पण त्याच वयाच्या अमेरिकन शेजाऱ्याशी बोलायला सुरुवात म्हणून ती चालते, हे मी पाहिलंय.

आमचा मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं पत्र आलं. घाबरायचं का?

घाबरायचं कारण नाही, पण पत्र रद्दीत टाकायचं नाही. सक्तीची भरती १९७३ पासून बंद आहे. नावनोंदणी १९७५ मध्ये थांबवली होती, ती कार्टर यांनी १९८० मध्ये पुन्हा सुरू केली, आणि तेव्हापासून ती चालूच आहे. नागरिक असोत वा ग्रीन कार्डवाले, १८ ते २५ वयाच्या पुरुषांची नोंद व्हावी लागते. एच-४ किंवा एफ-१ सारख्या वैध तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मुलाला लागत नाही, पण सव्विसाव्या वाढदिवसाआधी ग्रीन कार्ड मिळालं तर तिथून तीस दिवसांची मुदत सुरू होते. नोंद राहून गेली तर नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी प्रश्न विचारतात आणि खुलासा द्यावा लागतो. नोंदणीच्या पद्धतीत अधूनमधून बदल होतात, तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या काकांवर न विसंबता खात्याचं अधिकृत संकेतस्थळ पाहा.

मुलींना?

सध्याच्या कायद्यात नाही. त्यावर काँग्रेसमध्ये वारंवार वाद झाले आहेत.

आपल्या जन्मतारखेचा नंबर काय आला असता, हे बघता येतं का?

येतं. सगळ्या सोडतींचे तक्ते सिलेक्टिव्ह सर्व्हिसने प्रसिद्ध केलेले आहेत. फक्त तक्ता बरोबर निवडा : १९४४ ते १९५० ला पहिला, १९५१ ला दुसरा, १९५२ ला तिसरा. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी कुठलाही घेतला तरी तो निव्वळ खेळ. २९ फेब्रुवारीवाल्यांनाही विसरले नव्हते, पहिल्या तक्त्यात त्यांचा नंबर २८५ आहे. शेजाऱ्याचा वाढदिवस माहीत असेल तर त्याचा नंबर तुम्ही गुपचूप काढू शकता, पण मी म्हणेन, काढू नका, त्यालाच विचारा. नुसता आकडा तुम्हाला तक्त्यातही मिळेल.